आतून पोकळ: मातीचा बैल घडवण्यापासून भाजण्यापर्यंत

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजारात मातीच्या बैलजोड्या मांडलेल्या असतात. दुसरीत होते तेव्हा त्यातला एक बैल पक्का व्हावा म्हणून मी आजीच्या चुलीत सारला. थोड्या वेळाने फट्कन आवाज झाला, भाताच्या पातेल्यात राख उडाली आणि चुलीतून माझ्या हाती लागली ती फक्त दोन शिंगं. आजीने धपाटा घातला. बैल का फुटला, ते मला कळायला पुढे पंधरा वर्षं लागली. तो भरीव होता आणि पोटात ओला होता. शिंगं बारीक, म्हणून ती आधीच वाळली होती आणि वाचली.

आता नाशिकजवळ मखमलाबादकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हेच काम करते. माती घडवायची, वाळवायची, भाजायची. शिकायला येणाऱ्यांना पहिलं काम बैलाचंच देते. दीड फूट लांब, चार पायांवर उभा, वशिंड असलेला आणि नाकपुडीपासून शेपटीच्या बुडापर्यंत पोकळ. वाडगा, फुलदाणी करून मातीशी ओळख होते हे खरं, पण शिल्पातल्या बहुतेक अडचणी या एका बैलात भेटतात. पाच-सहा आठवड्यांचं काम आहे. हाताला माती लागते ते दिवस त्यात आठ-दहाच.

आधी मुठीएवढे दहा

कागदावर चित्रं काढत बसू नका. बैल बघायला जा. इगतपुरी-त्र्यंबककडे अजून डांगी बैल दिसतात. पावसाला न डगमगणारी जात, अंगावर काळे-पांढरे ठिपके, आखूड आणि जाड शिंगं. शिल्पकाराच्या सोयीचा बैल हाच. खिल्लारीची लांब, मागे गेलेली शिंगं डोळ्याला भुरळ घालतात, पण मातीत ती वाळताना वाकतात, उचलताना मोडतात, आणि सगळं निभावून भट्टीतून बाहेर आलीच तर घरातलं कुणीतरी झाडू मारताना उडवतं. पहिल्या खेपेला डांगीच करा.

घरी आल्यावर तासाभरात मुठीएवढे दहा बैल करा, एकेकाला सहा मिनिटं. सहा मिनिटांत डोळे, खूर, वेसण काही करता येत नाही, आणि तेच हवं असतं. बैल ओळखू येतो तो मानेच्या ओझ्यावरून, वशिंडाच्या चढावरून, मागच्या पायाच्या कोनावरून. बडोद्याच्या शिल्पकार ज्योत्स्ना भट्ट यांच्या स्टोनवेअरमधल्या, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या कडक मातीतल्या, मांजरी कुठे बघायला मिळाल्या तर पाहा. बारकावे जवळजवळ नाहीतच, पण पाठीच्या एका वळणावरून मांजर आता उठणार की झोपणार ते कळतं.

दहा बैल ओळीने मांडून रात्रभर तसेच ठेवा. सकाळी जो आधी नजरेत भरेल तो घ्यायचा. आदल्या रात्री आवडलेला बहुतेक वेळा हा नसतो.

मग मापं. माती वाळताना आकसते आणि भाजताना पुन्हा आकसते. किती, ते आपल्या मातीलाच विचारायचं. मातीची एक पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, वाळवा, भाजा आणि पुन्हा मोजा. रेघ ९ सेंटिमीटर भरली तर आकसणं १० टक्के. म्हणजे ४५ सेंटिमीटरचा बैल हवा असेल तर ५० चा घडवायचा. हे पाच मिनिटांचं काम टाळलं की तयार केलेल्या चौथऱ्यावर बैल वासरासारखा दिसतो. अनुभवाचे बोल आहेत.

रानातली माती, पोत्यातली माती

नाशकात राहून इथलीच माती वापरावी असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. आपली काळी माती म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड, बेसाल्ट, झिजून झालेली. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळली की तेवढीच आकसते. मे महिन्यात पडीक रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. नुसत्या काळ्या मातीचा बैल केलात तर त्या भेगा त्याच्या पाठीवर उमटतील.

दुसरी गोष्ट जास्त लबाड आहे. या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. बैल भट्टीतून अखंड निघतो, आपण फोटो काढतो, चार जणांना पाठवतो. मग तो चुना हवेतलं पाणी ओढून फुगायला लागतो. माझ्या एका बैलाचा कान भट्टी उघडल्यानंतर आठव्या दिवशी, भर पावसाळ्यात, मध्यरात्री टेबलावर पडला. तुटलेल्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. उपाय एकच. माती आधी वाळवून पाण्यात पूर्ण विरघळवायची, बारीक जाळीतून गाळायची आणि मगच वापरायची. शंका राहिलीच तर भाजलेला बैल भट्टीतून काढल्याबरोबर पाण्यात बुडवून ठेवा. चुना फुगण्याआधीच विरतो.

जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातले एक नाना मला मातीतलं बरंच काही शिकवून गेले. ते मातीत लीद आणि राख मिसळत. लिदीतलं गवत ओल्या मातीला धरून ठेवतं, भट्टीत जळून जातं आणि मागे बारीक वाटा सोडतं. त्या वाटांनी वाफ बाहेर पडते. शिल्पकार तेच काम ग्रॉगकडून करून घेतात. ग्रॉग म्हणजे भाजलेल्या मातीचा रवा. तो एकदा आकसून झालेला असतो, म्हणून जितका घालाल तितकं एकूण आकसणं कमी.

माझं सध्याचं मिश्रण असं आहे. पोत्यातून येणारी लाल टेराकोटा माती ६ भाग, गाळलेली काळी माती १ भाग, ग्रॉग २ भाग. काळी माती एवढीच, कारण तिने मिश्रणाला चिकटपणा येतो आणि भाजल्यावर रंग खोल उतरतो. ग्रॉग घरीच करते. फुटलेल्या कामांचा खलबत्ता. फुटलेले बैल असे पुढच्या बैलात जातात. हे मिश्रण ओल्या पोत्यात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून निदान दोन आठवडे मुरू द्या.

हे सगळं करताना नाकातोंडाला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. मातीच्या कोरड्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही. शेड झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. वाळलेल्या बैलाला सँडपेपर तर अजिबात लावू नका, ओल्या स्पंजने घासा.

माती मळण्याबद्दल फार लिहीत नाही. कणकेसारखी मळायची, पण घडी घालत हवा आत कोंडायची नाही, पुढे ढकलत बाहेर काढायची. तारेने कापून बघा. कापल्या जागी छिद्रं दिसेनाशी झाली की झालं.

पोकळी बांधणं

आता खरं काम. बैल भरीव करून नंतर आतून कोरता येतो, पुष्कळ जण तसं करतातही. मी पहिल्या थरापासून पोकळ बांधते आणि शिकणाऱ्यांकडूनही तेच करून घेते. पाय म्हणजे चार नळ्या. अंगठ्याएवढ्या जाड वळ्या एकावर एक चढवायच्या, भिंत दीड सेंटिमीटर. एक लांब टाचणी घ्या आणि टोकापासून दीड सेंटिमीटरवर नेलपॉलिशची खूण करा. भिंतीत टोचली की जाडी कळते. भोक बोटाने बुजवायचं. जाडी सगळीकडे सारखी ठेवणं हे किती जाड असावी यापेक्षा महत्त्वाचं आहे. एका जागी एक आणि दुसऱ्या जागी तीन सेंटिमीटर असेल तर बारीक जागा आधी वाळून आकसते, जाड जागा मागे राहते आणि त्या दोघींच्या भांडणात बैलाला भेग पडते.

एक वळी कशी बसवायची ते सावकाश सांगते, कारण सगळा बैल म्हणजे हीच कृती दोनशे वेळा. खालच्या थराची कड काट्याने आडवी-उभी ओरखडा. त्यावर गाळ लावा, म्हणजे तीच माती दह्यासारखी पातळ करून. वळी ठेवा आणि किंचित पुढे-मागे सरकवत दाबा. बाजूने गाळ ओठासारखा बाहेर यायला हवा. नंतर आतून अंगठ्याने वरची माती खाली ओढून सांधा बुजवा. बाहेरून तर्जनीने खालची माती वर ओढा. दोन्ही हात एकाच वेळी, भिंत मधे. आतला अंगठा दिसत नाही. नाना माझ्या पहिल्या बैलाकडे बघायला आले तेव्हा मी मोठ्या कौतुकाने बाहेरचा गुळगुळीतपणा दाखवत होते. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. पाठीच्या उघड्या भागातून कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपलं आणि म्हणाले, “बाहेरून काय पुसत बसली पोरी? आत सगळी उघडी तोंडं आहेत.” सांधे आतून बुजवलेच नव्हते मी. तो बैल वाळताना बरोबर वळीवळीवर सुटला.

दिवसाला चार-पाच बोटं उंची, त्याहून जास्त नको. वरचा थर चढवायच्या आधी खालचा इतका सुकायला हवा की वजन घेईल आणि तरी नखाची खूण उमटेल. वरची कड मात्र ओल्या फडक्याखाली राहू द्या. पोटाचा तळ बांधताना टेकू लागतात. विटेचा टेकू देऊ नका. बैल आकसतो, वीट आकसत नाही आणि पोट फाटतं. त्याच मातीचे टेकू करा, ते बैलाबरोबर लहान होतात. सगळा बैल वर्तमानपत्राच्या दोन घड्यांवर उभा ठेवा, म्हणजे आकसताना पाय सरकतील.

लोखंडी सळई किंवा जाळी आत ठेवायची नाही, याच कारणाने. माती आकसायला जागा मागते आणि लोखंड देत नाही.

डोकं वेगळं करा, तेही पोकळ, आणि मानेला जोडताना मधे दोन बोटांचं आरपार भोक ठेवा. डोक्यातली हवा धडात आणि धडातली पोटाखालच्या भोकातून बाहेर, अशी वाट मोकळी हवी. पाठ सगळ्यात शेवटी झाका. तोवर हात आत जातोय तेवढा त्याचा फायदा घ्या. आतून मूठ दाबून वशिंड बाहेर काढा. बाहेरून माती लिंपून केलेलं वशिंड कुबडासारखं दिसतं. आतून ढकललेलं वशिंड कातडीखाली मांस असल्यासारखं दिसतं. खांदे, फऱ्या, फुगलेली बरगडी, सगळं आतून. बाहेरून लाकडी थापटणं आणि आतून गोल दगड धरून कुंभार घडा मोठा करतो, तीच रीत.

माझं कामाबद्दलचं सगळं मत या उघड्या पाठीपाशी येऊन थांबतं. पांडवलेणीला मी अनेकदा जाते. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागात बुटके गण आहेत, सगळं लेणं खांद्यावर उचलून धरल्यासारखे. ओझं कसं दाखवायचं ते त्यांच्या मानेवरून शिकावं. पण तिथे बसल्यावर मला नेहमी आठवतं की त्या कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी जे केलं ते मुळात पोकळी. बेसाल्ट काढून टाकला आणि आत माणसं राहिली. तोच बेसाल्ट झिजून खाली रानात माती होतो आणि आम्ही त्याच मातीची भिंत रिकाम्या जागेभोवती उभी करतो. पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीतल्या रे मीकर यांनी तर कच्च्या विटांची अख्खी घरं बांधून ती जागच्या जागी भाजली. घर हीच भट्टी. माझ्या लेखी मातीचं शिल्प म्हणजे आतल्या हवेला घातलेला सदरा. हवा नीट बसली नसेल तर सदऱ्यावर कितीही भरतकाम करा.

डोळे, नाकपुड्या, गळ्याखालची पोळी हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि सगळ्यांना तेच आधी करायचं असतं. पाठ झाकून एक रात्र गेल्यावर करा. नाकपुड्या आरपार टोचा, हवेला आणखी एक वाट.

वाळवण

ज्यांच्या घरी कुरडया-पापडांचं वाळवण झालंय त्यांना हे सांगावं लागू नये. तरी बैल उन्हात ठेवणारे भेटतात. उन्हाच्या बाजूची कुशी आधी आकसते आणि बैल त्या बाजूला मान वळवतो. सावली, वारा नाही, वरून सैल प्लास्टिक. शिंगं, कान, शेपटी आधी वाळतात, म्हणून त्यांना वेगळ्या ओल्या फडक्याच्या टोप्या घाला.

किती दिवस ते ऋतूवर. नाशकात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की नुसतं प्लास्टिक काढलं तर दोन तासांत कड पांढरी पडते. तेव्हा तीन आठवडे झाकूनच वाळवा. पावसाळ्यात उलट. जुलैत महिना झाला तरी पोट गार लागतं. मला दिवाळीनंतरची थंडी सगळ्यात सोयीची वाटते.

वाळला का हे बघायला बैल गालाला लावा. गार लागला तर आत पाणी आहे. शिवाय स्वयंपाकघरातल्या नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर दर दोन दिवसांनी वजन करा. लागोपाठ तीन वेळा तेच भरलं की वाळला.

रंग

पहिल्या बैलाला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नको. लाल मातीत लोह असतंच. आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून सगळीकडे फासा, मग ओल्या स्पंजने पुसा. खोलगट जागी राहील तेवढं पुरे. मँगनीज वापरणार असाल तर त्याची पूड आणि भट्टीतला धूर दोन्ही विषारी आहेत, हे ध्यानात ठेवून वापरा.

पुढे कधी १२०० अंशांच्या वरच्या भट्टीपर्यंत पोचलात तर खडी क्रशरवरची सगळ्यात बारीक कच आणून चाळून बघा. बेसाल्ट साधारण त्याच तापमानाला वितळतो आणि त्यातल्या लोहामुळे गडद तपकिरी, काळपट ग्लेझ देतो. आधी छोट्या तुकड्यावर आणि खाली मातीची जुनी थाळी ठेवून. वाहून जातो तो.

भट्टी

आतल्या हवेचा बुडबुडा फुटतो असं सगळे सांगतात. फुटतं ते पाणी. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. भिंत जाड आणि ओली असेल तर वाफेला बाहेर यायला वेळ मिळत नाही. आजीच्या चुलीत हेच झालं होतं.

म्हणून पहिली रात्र ८०-९० अंशांवर, झाकण दोन बोटं उघडं. सकाळी भट्टीच्या भोकासमोर थंड आरसा धरा. वाफ धरली तर अजून थांबा. आरसा स्वच्छ राहिला की तासाला ५० अंशांनी २०० पर्यंत, मग तासाला ६०-६५ ने ६०० पर्यंत. या टप्प्यात घाई नको. साधारण ४५० पासून मातीच्या रचनेतच बांधलेलं पाणी सुटतं आणि ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचं रूप बदलून तो अचानक किंचित फुगतो. ६०० ओलांडलं की झाकण बंद, तासाला १०० ने १००० अंशांपर्यंत. काटा दाखवेल तो आकडा एकटा खरा मानू नका. आत ०६ नंबरचा पायरोमेट्रिक कोन, म्हणजे ठरलेल्या आचेला वाकणारा छोटा सुळका, ठेवा. तो वाकला म्हणजे मातीला लागणारी आच लागली. उष्णता आणि वेळ दोन्ही मिळून तो वाकतो, आणि बैलही तसाच भाजतो.

चढत्या भट्टीत ४०० अंशांना वीज गेली तर घाबरू नका. भट्टी उघडू नका, वीज आली की आहे तिथून पुन्हा हळू चढवा. माझी एक भट्टी अशी तीन वेळा थांबून पूर्ण झाली. वीजवाल्यांशी फोनवर घातलेला वाद मात्र बैलाला काहीच उपयोगाचा नव्हता.

उतरताना ५७३ पुन्हा येतं, आणि २२५ च्या आसपास आणखी एक छोटा टप्पा. म्हणून भट्टी आपोआप थंड होऊ द्या. १०० अंशांना झाकण उचलून “फक्त बघते” म्हणणाऱ्यांची कामं थंड हवा लागून चिरतात. ६० च्या खाली येईपर्यंत शेडला कुलूप लावून किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी, असं मी गंमतीने सांगत नाही.

वाजवून बघणं

भट्टीतून काढलेला बैल पोटावर बोटाच्या पेराने वाजवायचा. खणखणीत वाजला तर अखंड. भदभद आवाज आला तर कुठेतरी न दिसणारी चीर आहे. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याला पाठ असते. संतमंडळी बसलेली, काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं, आणि नामदेव रागावले तसं हे मडकं कच्चं आहे म्हणाले. कीर्तनकार त्यातून अर्थ काढतात तो त्यांचा. मला त्यात आधी रोजच्या कामातला माणूस दिसतो, ज्याचा हात आपोआप मडक्याकडे जातो.

चीर निघाली तर पाणी टाकून बघा ती कुठवर जाते. पायातली असेल तर एपॉक्सीने जोडा आणि जोड दिसू द्या. सोन्याने चिरा भरण्याची जपानी रीत आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी मुद्दाम बैल आपटणारा एक विद्यार्थी मी पाहिला आहे. पोटातली चीर आरपार असेल तर बैल खलबत्त्याकडे.

आणि कधीकधी भाजायचाच नाही, हेही चालतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. तिथे एका घरात बिनभाजल्या मातीची बिनडोक्याची देवी मिळाली आणि तिच्यासोबत मातीचा बैल. तीन हजार वर्षं ते कच्चेच राहिले, कारण मातीच्या पेटीसकट जमिनीत नीट झाकलेले होते. तुमच्या दहा मुठीएवढ्या बैलांपैकी उरलेले नऊ फेकू नका. पोळ्याला पाटावर मांडा.

भाजलेला बैल अंगणात ठेवायला हरकत नाही. निफाडचा पारा कधीमधी फार खाली जातो, पण वर्षानुवर्षं गोठून माती फुटावी अशी आपली थंडी नाही. गारपिटीपासून मात्र छपराखाली घ्या. माझा पहिला धड निघालेला बैल शेडच्या दाराशी चिक्कूखाली उभा आहे. मागच्या पावसाळ्यानंतर त्याच्या नाकपुडीतून एक कुंभारीण माशी आत-बाहेर करताना दिसली, तोंडात ओल्या मातीची गोळी धरून. बॅटरी लावून पोटाखालच्या भोकातून पाहिलं तर वशिंडाच्या आतल्या बाजूला, माझ्या अंगठ्याच्या खुणांवर, तिने तीन छोटी मडकी चिकटवली होती. सांधे नीट बुजवलेले.